मागितले ते सारेच साठवावे काय?

दहावीच्या निकालाचा दिवस महाराष्ट्रातील घराघरांत परिचयाचा आहे. पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यांचे पालक, शिक्षक व आप्तस्वकीय ठरलेल्या वेळेस मोजक्याच संकेतस्थळांकडे धाव घेतात. बैठक क्रमांक आणि आईचे नाव नोंदविले की गुणांचा तपशील पडद्यावर उमटतो. या गर्दीकडे बारकाईने पाहिले तर असे दिसून येईल की, प्रत्येक जण दोन पृष्ठे मागत असतो. पहिले पृष्ठ सर्वांना सारखेच असते. त्यावर संस्थेचे नाव, बोधचिन्ह, सूचना आणि क्रमांक नोंदविण्याची चौकट एवढेच असते. दुसरे पृष्ठ मात्र ज्याचे त्याचे असते. पहिले लाखो वेळा जसेच्या तसे मागितले जाते, तर दुसरे एका घरापुरते एकदा, फार तर दोनदा.

पहिल्या पृष्ठाची प्रत वाटेत कोठे तरी काढून ठेवली, तर मूळ यंत्रावरील भार एकदम हलका होतो. दुसऱ्या पृष्ठाची प्रत त्याच रीतीने ठेवली, तर जागा वाया जातेच; शिवाय एका घरचे गुण दुसऱ्याच घरच्या पडद्यावर दिसण्याचा धोका उद्भवतो. एकाच मिनिटात, एकाच व्यक्तीने मागितलेल्या दोन पृष्ठांपैकी एक साठवावयाचे आणि दुसरे साठवावयाचे नाही, हा निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा, शाळा आणि अनेक ग्रामपंचायती आज आपापली संकेतस्थळे चालवीत असल्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

साठा म्हणजे काय?

संगणकाच्या परिभाषेत अशा साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. उच्चारावरून रोख रकमेची आठवण होत असली, तरी या शब्दाचा तिच्याशी संबंध नाही. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. एकदा दूरवरून आणलेली वस्तू हाताशी ठेवावयाची आणि पुन्हा कोणी मागितली तर फेरा न घालता तेथूनच द्यावयाची, एवढाच त्याचा अर्थ. रोज लागणारे धान्य डब्यात काढून ठेवून उरलेले कणगीत राखणाऱ्या गृहिणीला ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत मांडली. पुढे पाच वर्षांतच, १९९४ च्या सुमारास, सर्नच्या सर्व्हरमध्ये इतरांसाठी पृष्ठे आणून ती साठवून ठेवण्याची सोय करण्यात आली. १९९६ साली ‘स्क्विड’ ही साठवणीची मुक्त प्रणाली उपलब्ध झाली. १९९८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी ‘अकामाई’ कंपनी स्थापन केली. संकेतस्थळांच्या प्रती जगभर ठिकठिकाणी ठेवून वाचकाला जवळच्या ठिकाणाहून पुरविण्याचा हा व्यवसाय होता. अशा व्यवस्थेस वितरणजाळे असे म्हणता येईल.

साठ्याचे दोन प्रकार येथे नीट ध्यानात घ्यावयास हवेत. वाचकाच्या स्वतःच्या संगणकात किंवा भ्रमणध्वनीत ब्राउझर जो साठा ठेवतो, तो खाजगी साठा होय. अनेक वाचकांना मिळून जो एकच साठा असतो, तो सामायिक साठा होय. पूर्वी महाविद्यालये व इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्या असे सामायिक साठे मोठ्या प्रमाणावर चालवीत. आता बहुतेक पृष्ठे सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठविली जात असल्यामुळे वाटेवरच्या त्रयस्थाला ती वाचता येत नाहीत व म्हणून साठविताही येत नाहीत. परिणामी आजचा सामायिक साठा हा बहुधा संकेतस्थळाच्या मालकाने स्वतः नेमलेला असतो. अर्थात काय साठवावे याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.

पहिली कसोटी : परवानगी

कोणतेही पृष्ठ साठविण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, ते साठविण्यास परवानगी आहे काय? आपल्या कार्यालयांत कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करण्याची पद्धत आहे. कोणता कागद कायम जपावयाचा आणि कोणता थोड्या काळानंतर नष्ट करावयाचा, हे अभिलेखकक्षातील शिपायाने ठरवावयाचे नसते. ज्याच्या हाती विषय असतो, तोच नस्ती बंद करताना तिच्यावर वर्ग लिहितो. वेबची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. पृष्ठ पाठविणारा मूळ सर्व्हर पृष्ठासोबत काही सूचना पाठवितो आणि वाटेवरच्या साठ्याने त्यांचे पालन करावयाचे असते.

या सूचनांची पद्धतशीर मांडणी जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच.टी.टी.पी. १.१ या प्रमाणकात झाली. साठवणीविषयीचे सध्याचे प्रमाणक जून २०२२ चे असून ते आर.एफ.सी. ९१११ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यातील प्रमुख सूचना प्रत्येक जबाबदार अधिकाऱ्यास माहीत असाव्यात. ‘नो-स्टोअर’ याचा अर्थ, हे पृष्ठ कोणीही, कोठेही साठवू नये. ‘प्रायव्हेट’ म्हणजे, वाचकाच्या ब्राउझरने हवे तर ठेवावे, पण सामायिक साठ्याने ठेवू नये. ‘पब्लिक’ म्हणजे, सर्वांनी साठविण्यास हरकत नाही. ‘नो-कॅश’ ही सूचना मात्र नावावरून फसविणारी आहे. तिचा अर्थ साठवू नका असा नसून, साठवा, पण मूळ ठिकाणी विचारल्यावाचून देऊ नका, असा आहे. गोपनीय पृष्ठावर नुसते ‘नो-कॅश’ लिहून निश्चिंत राहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

सूचनांखेरीज प्रमाणकात काही अंगभूत मर्यादाही आहेत. वाचकाने आपली ओळख पटविणारा अधिकृत शीर्षमजकूर पाठवून एखादे पृष्ठ मागितले असेल, तर स्पष्ट अनुमती असल्याशिवाय ते सामायिक साठ्यात ठेवता येत नाही. परंतु आज बहुतेक संकेतस्थळे ओळख पटविण्यासाठी ‘कुकी’ नावाची छोटी खूण वापरतात आणि पृष्ठाबरोबर कुकी आली म्हणून ते साठवू नये, असे बंधन प्रमाणकाने घातलेले नाही. अनेक प्रणाली सावधगिरी म्हणून असे पृष्ठ साठवीत नाहीत. तथापि ही सावधगिरी म्हणजे हमी नव्हे.

मग सर्व्हरने काहीच सूचना दिली नाही तर? येथे मौन ही संमती समजली जाते. सर्वसाधारण यशस्वी उत्तर सूचनेविना आले, तर साठ्याने आपल्या अंदाजाने ते ठेवावे, अशी मुभा आहे. पृष्ठात शेवटचा बदल होऊन जितका काळ लोटला असेल, त्याच्या एकदशांश काळपर्यंत ते ताजे मानावे, असा सामान्य प्रघात आहे. दहा दिवसांपूर्वी बदललेले पृष्ठ या हिशेबाने एक दिवस ताजे ठरते. ज्या कार्यालयाने आपल्या पृष्ठांवर काहीच सूचना लिहिलेली नाही, त्याचा निर्णय अशा रीतीने दुसराच कोणी तरी अंदाजाने घेत असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

एक पत्ता, अनेक रूपे

परवानगीच्याच प्रश्नाला जोडून आणखी एक सूक्ष्म बाब येते. साठा पृष्ठाला त्याच्या पत्त्यावरून ओळखतो. परंतु एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळा मजकूर दिला जात असेल तर? ब्राउझरमध्ये मराठी भाषा निवडलेल्या वाचकाला मराठी आणि इतरांना इंग्रजी पृष्ठ देणारे संकेतस्थळ घ्या. पहिली मागणी इंग्रजी वाचकाची आली आणि ते पृष्ठ साठ्यात गेले, तर पाठोपाठ येणाऱ्या मराठी शेतकऱ्यालाही इंग्रजी पृष्ठच मिळेल. यावर ‘व्हेरी’ या सूचनेची योजना आहे. वाचकाची भाषा पाहून उत्तर बदलते, असे तिच्याद्वारे साठ्याला कळविता येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मराठी व इंग्रजी पृष्ठांना निरनिराळे पत्ते देणे.

दुसरी कसोटी : पुन्हा कोणी मागेल काय?

परवानगी असली म्हणजे साठविलेच पाहिजे, असे नाही. साठ्याची जागा मर्यादित असते. नवी वस्तू आत घ्यावयाची म्हणजे केव्हा ना केव्हा जुनी बाहेर काढावी लागते. म्हणून दुसरा प्रश्न असा की, ही वस्तू पुन्हा कोणी मागण्याचा संभव आहे काय?

याविषयी ब्रूस मॅग्ज आणि रमेश सीतारामन यांनी २०१५ साली अकामाईच्या अनुभवावर आधारलेली जी माहिती प्रसिद्ध केली, ती विचारप्रवर्तक आहे. त्यांनी सर्व्हरच्या एका समूहाची दोन दिवसांची पाहणी केली. साठ्यात सुमारे ४० कोटी वस्तू होत्या. त्यांपैकी ७४ टक्के वस्तू त्या दोन दिवसांत केवळ एकदाच मागितल्या गेल्या होत्या आणि ९० टक्के वस्तूंना चारपेक्षा कमी वेळा मागणी आली होती. म्हणजे आल्या आल्या साठवून ठेवलेल्या दर चार वस्तूंपैकी जवळजवळ तीन वस्तू पुन्हा कोणी पाहिल्याच नाहीत. फडताळातील तीन खण कोणी न वाचणाऱ्या पुस्तकांनी भरावेत आणि रोज लागणारी पुस्तके मात्र जागेअभावी परत पाठवावीत, तसाच हा प्रकार होय.

यावर शोधलेला उपाय अगदी साधा आहे. पहिल्या मागणीस वस्तू आणून द्यावी, परंतु साठवू नये. तिचे नाव मात्र टिपून ठेवावे. त्याच वस्तूची दुसरी मागणी आली, म्हणजे तिला खरोखर मागणी आहे असे समजून साठवावे. हा नियम लागू केल्यावर, वाचकांना दिल्या गेलेल्या एकूण माहितीपैकी साठ्यातून दिल्या जाणाऱ्या माहितीचा भाग सुमारे ७४ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांपर्यंत वाढला. (७४ हा आकडा येथे पुन्हा यावा हा योगायोग समजावा.) तबकडीवर लिहिण्याचे कामही सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. साठवणीसाठी आता वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश स्मृतीवर लिहिण्याच्या वेळांना मर्यादा असते. त्या दृष्टीनेही व्यर्थ लेखन टाळण्यास महत्त्व आहे.

नावे टिपण्याची युक्ती

परंतु कोट्यवधी नावे टिपून ठेवावयाची, तर त्यासाठीच मोठी जागा लागेल आणि बचतीचा उद्देश विफल होईल. येथे बर्टन ब्लूम यांनी १९७० साली सुचविलेली एक युक्ती उपयोगी पडली. तिला ‘ब्लूम गाळणी’ म्हणता येईल. शिक्षकांना ती वर्गात पाटीवर करून दाखविता येण्याजोगी आहे.

पाटीवर शून्य ते १९ असे वीस चौकोन आखावेत. विद्यार्थ्यांना कोणतेही तीन अंकी क्रमांक सांगण्यास सांगावे. प्रत्येक क्रमांकासाठी दोन नियम वापरावेत. पहिला नियम, त्या क्रमांकास २० ने भागून उरणारी बाकी. दुसरा नियम, त्यातील अंकांची बेरीज. (बेरीज २० किंवा अधिक आल्यास तीतून २० वजा करावेत.) मिळालेल्या दोन चौकोनांत फुली मारावी. क्रमांक मात्र कोठेही लिहू नये. समजा, ३४७ हा क्रमांक आला. बाकी ७, बेरीज १४. या दोन चौकोनांत फुल्या पडल्या. नंतर ५१२ आला. बाकी १२, बेरीज ८. तेथेही फुल्या पडल्या. आता ३४७ पुन्हा आला, तर त्याचे दोन्ही चौकोन भरलेले दिसतात, तेव्हा हा पूर्वी आला असावा असे आपण म्हणतो. २३४ आला, तर बाकी १४ येथे फुली आहे, परंतु बेरीज ९ येथे नाही. म्हणजे हा निश्चित नवा आहे. परंतु ५०७ आला, तर बाकी ७ आणि बेरीज १२. दोन्ही चौकोन भरलेले! हा क्रमांक पूर्वी कधी आलाच नव्हता, तरी आपण त्याला ओळखीचा समजून चुकतो.

या गाळणीचा स्वभाव असा आहे की, ‘नवा’ म्हणून ती सांगेल ते नेहमी खरे असते, ‘जुना’ म्हणून सांगेल ते क्वचित चुकते. आणि येथे ती चूक परवडण्यासारखी आहे. कारण तिचा परिणाम एवढाच की, एखादी वस्तू दुसऱ्याऐवजी पहिल्याच मागणीस साठविली जाते. प्रत्येक नावामागे सुमारे दहा बिट जागा दिली, तर चुकीचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास राहते. ४० कोटी नावांना या हिशेबाने सुमारे ५० कोटी बाइट लागतात. ही जागा आजच्या साध्या भ्रमणध्वनीतही सहज मिळते. पाटी फुल्यांनी भरत आली, की दुसरी कोरी पाटी घ्यावी आणि पहिली काही काळ केवळ पाहण्यापुरती जवळ ठेवावी, म्हणजे काम अखंड चालते.

नियमाला अपवाद

दुसऱ्या मागणीचा नियम सरसकट लावणे मात्र शहाणपणाचे नाही. त्यात प्रत्येक लोकप्रिय वस्तूसाठी मूळ ठिकाणी एक फेरा जास्त होतो. एरवी तो नगण्य असतो. परंतु निकालाच्या दिवसाप्रमाणे गर्दी अगोदरच ठाऊक असेल, तर पहिले पृष्ठ आधीच साठ्यात भरून ठेवणे श्रेयस्कर. तसेच एकाच क्षणी हजारो मागण्या आल्या, तर त्या सर्व मूळ सर्व्हरकडे न धाडता एकच मागणी पुढे पाठवावयाची आणि बाकीच्यांना तिचे उत्तर येईपर्यंत थांबवून ठेवावयाचे, अशीही व्यवस्था असते. २००४ साली उपलब्ध झालेल्या ‘एंजिन-एक्स’ या बहुप्रचलित सर्व्हरमध्ये या दोन्ही सोयी आहेत. किती मागण्यांनंतर साठवावे, हे त्यात एका अंकाने सांगता येते. कोणी काही न सांगितल्यास तो अंक १ धरला जातो, म्हणजे परवानगी असलेले पृष्ठ पहिल्याच मागणीस साठविले जाते.

वस्तूच्या आकाराचाही विचार करावा लागतो. एका मोठ्या चित्रफितीच्या जागेत हजारो लहान पृष्ठे मावू शकतात. म्हणून काही पद्धतींत वस्तू जितकी मोठी, तितकी ती साठविण्याची शक्यता कमी ठेवतात. अन्य काही पद्धतींत आत येऊ पाहणारी नवी वस्तू आणि तिच्यासाठी बाहेर जावी लागणारी जुनी वस्तू यांच्या अलीकडच्या मागण्यांची तुलना करतात आणि नवीला अधिक मागणी असेल तरच तिला प्रवेश देतात. पद्धती भिन्न असल्या, तरी त्यांचे सूत्र एकच आहे. साठ्यात आणलेल्या वस्तूची किंमत तिच्यामुळे बाहेर गेलेल्या वस्तूवरून ठरते.

तिसरी कसोटी : मुदत

साठविले ते किती काळ खरे मानावयाचे, हा तिसरा प्रश्न. ‘मॅक्स-एज’ या सूचनेने ही मुदत सेकंदांत सांगितली जाते. सामायिक साठ्यासाठी वेगळी मुदत द्यावयाची असल्यास ‘एस-मॅक्सएज’ ही सूचना आहे. मुदत संपली म्हणजे साठवलेली प्रत फेकून द्यावीच लागते असे नाही. साठा मूळ सर्व्हरला विचारतो, माझ्याजवळची प्रत अजून चालेल काय? बदल नसेल, तर सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे छोटे उत्तर देतो आणि संपूर्ण पृष्ठ पुन्हा पाठविण्याचे वाचते.

मुदतीची चूक कशी भोवते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. निकाल दुपारी एक वाजता लागावयाचा आहे. पावणेएक वाजता उत्सुक पालक पृष्ठ मागतात आणि ‘निकाल अद्याप जाहीर झालेला नाही’ असे उत्तर येते. कोणी तरी सर्व पृष्ठांना एक तासाची मुदत लावून ठेवली असेल, तर हेच उत्तर साठ्यात जाईल आणि निकाल लागल्यानंतरही पाऊण तास लोकांना दिसत राहील. ‘पृष्ठ सापडले नाही’ हे उत्तरही प्रमाणकानुसार साठविता येते, हे विसरता कामा नये. पूरपरिस्थितीतील सूचना किंवा धरणातील विसर्गाची माहिती अशी शिळी होऊन पोचली, तर होणारी हानी केवळ गैरसोयीपुरती राहत नाही.

विकिपीडियाची पद्धत या बाबतीत अनुकरणीय आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्याच व्यवस्थेत चालतो. नाव न नोंदविता वाचणाऱ्या सर्वसामान्य वाचकाला लेख साठ्यातून दिला जातो. कारण तो सर्वांना सारखाच असतो. खाते उघडून प्रवेश केलेल्या संपादकाला मात्र त्याच्या नावाचे, त्याच्या पसंतीचे पृष्ठ द्यावयाचे असते, म्हणून त्याची मागणी साठ्याला वळसा घालून मूळ सर्व्हरकडे जाते. आणि कोणी लेखात दुरुस्ती केली, की साठ्यातील जुनी प्रत काढून टाकण्याचा आदेश लगेच निघतो. कोण मागतो आहे आणि मजकूर केव्हा बदलला, या दोन्ही गोष्टींची दखल येथे घेतलेली आहे.

चुकीची किंमत

हे सारे काटेकोर नियम कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांनी २५ डिसेंबर २०१५ ची घटना पाहावी. ‘स्टीम’ हे संगणकीय खेळ विकणारे अमेरिकी संकेतस्थळ नाताळच्या विक्रीत मग्न असताना त्याच्यावर खोट्या मागण्यांचा मारा झाला आणि गर्दी नेहमीच्या सरासरीपेक्षा २००० टक्क्यांनी वाढली. भार हलका करण्यासाठी साठवणीचे नियम तातडीने बदलण्यात आले. त्यांतील एक नियम चुकला आणि प्रवेश केलेल्या ग्राहकांची खाजगी पृष्ठेही सामायिक साठ्यात जाऊन पडली. परिणामी, एकाने आपले खाते उघडावे आणि त्याला दुसऱ्याचेच खाते दिसावे, असे सुमारे दीड तास घडत होते. संबंधित कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४ हजार ग्राहकांच्या मागण्यांतील माहिती अशा रीतीने उघड झाली असण्याची शक्यता होती. काही पृष्ठांवर देयकाचा पत्ता, खरेदीचा तपशील व ई-मेलचा पत्ता होता. पूर्ण कार्डक्रमांक किंवा संकेतशब्द मात्र त्यांत नव्हते.

यात कोणी कुलूप फोडले नव्हते. वेग वाढविण्यासाठी नेमलेल्या साठ्यानेच, सांगितले तसे काम केले होते. २०१७ साली ओमर गिल या सुरक्षा-संशोधकाने आणखी एक कच्चा दुवा दाखवून दिला. काही साठे पत्त्याचे शेपूट पाहून निर्णय घेतात. शेवटी चित्राची किंवा शैलीपत्रकाची खूण असली, की ती वस्तू सार्वजनिक आहे असे ते समजतात. खाजगी पृष्ठाच्या पत्त्याला असे खोटे शेपूट जोडून त्या दुव्यावर एखाद्याला नेले, तर काही ठिकाणी त्याचे खाजगी पृष्ठच साठ्यात जमा होत असे आणि मग ते कोणालाही वाचता येत असे. लिफाफा पाहून आतील मजकुराचा वर्ग ठरविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळून येईल.

आपल्या कार्यालयापुरते

या विवेचनावरून कार्यालयप्रमुखांनी, मुख्याध्यापकांनी आणि पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी काय करावे? संगणकाची आज्ञावली त्यांनी लिहावी अशी अपेक्षा नाही. संकेतस्थळ तयार करणाऱ्यास पृष्ठांचा वर्ग लेखी ठरवून देणे मात्र त्यांचेच काम आहे. त्यासाठी पुढील चार वर्ग पुरेसे व्हावेत.

१. न बदलणारे : बोधचिन्हे, छायाचित्रे, प्रसिद्ध झालेले शासन निर्णय. शासन निर्णयास स्वतंत्र संगणक सांकेतांक असतो व त्या क्रमांकाचा मजकूर बदलत नाही. अशा वस्तू दीर्घकाळ साठविण्यास हरकत नाही. चित्र बदलावयाचे झाल्यास त्यास नवे नाव द्यावे.

२. अधूनमधून बदलणारे : योजनांची माहिती, अर्जांचे नमुने, दूरध्वनी सूची. यांना काही तासांची मुदत द्यावी आणि दुरुस्ती होताच साठ्यातील जुनी प्रत काढून टाकण्याची सोय ठेवावी.

३. सतत बदलणारे : बाजारभाव, पाणीपातळी, तातडीच्या सूचना. यांना मिनिटा-दोन मिनिटांचीच मुदत द्यावी. एका मिनिटाची साठवणही गर्दीच्या वेळी मोठे काम करते. मिनिटाला दहा हजार मागण्या येत असतील, तर त्यांपैकी जेमतेम एक मूळ सर्व्हरपर्यंत जाईल.

४. व्यक्तीचे : निकाल, दाखले, अर्जाची स्थिती, कराची थकबाकी, लाभार्थ्याचे बँक खाते. नागरिकाने आपली ओळख दिल्यानंतर दिसणाऱ्या अशा प्रत्येक पृष्ठावर ‘नो-स्टोअर’ लिहिलेले असावे. शाळेतील किंवा सेवा केंद्रातील एकच संगणक अनेक जण वापरीत असल्यामुळे ब्राउझरच्या खाजगी साठ्यातही अशी पृष्ठे राहू देणे योग्य नव्हे.

ज्या पृष्ठाचा वर्ग ठरलेला नसेल, ते चौथ्या वर्गात धरावे. मग वेग थोडा कमी होईल, पण कोणाची खाजगी बाब चव्हाट्यावर येणार नाही. आणखी एक पथ्य असे की, वर्गवारी शांत वेळी करावी. स्टीमच्या प्रकरणातील चूक गर्दीच्या ऐन भरात, घाईने बदललेल्या नियमांत झाली होती. संकेतस्थळ नव्याने सुरू करण्यापूर्वी दोन संगणकांवर दोन वेगवेगळ्या नावांनी प्रवेश करून, एकाचे पृष्ठ दुसऱ्यास दिसत नाही ना, एवढी साधी चाचणी कोणासही घेता येते. ती घेतल्याची नोंद नस्तीवर ठेवावी.

समारोप

साठवण ही सोय आहे आणि सोय म्हणूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. एखादी गोष्ट कोणी मागितली, एवढेच ती साठविण्याचे कारण होऊ शकत नाही. साठविण्याची परवानगी आहे काय, ती पुन्हा कोणी मागेल काय आणि ती किती काळ खरी राहील, ही तीन उत्तरे हाती आल्यावरच साठ्याचे दार उघडावे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्र मागण्या मोजून स्वतः काढू शकते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याला त्या मजकुराचा अर्थ कळतो, त्या माणसानेच द्यावयाचे असते.

निकालाच्या दिवशी दुर्गम पाड्यावरील एखादी मुलगी आपला बैठक क्रमांक नोंदविते, तेव्हा तिला पहिले पृष्ठ क्षणार्धात मिळावे आणि दुसरे पृष्ठ तिचेच असावे, एवढीच तिची अपेक्षा असते. त्या दोन पृष्ठांतील फरक कोणी तरी आधी, शांतपणे, लेखी नोंदवून ठेवला असेल, तरच तिची ही अपेक्षा पुरी होईल.